नवागाममधला रविवार

रविवार उजाडला हे सुरतेच्या नवागामात दिनदर्शिका पाहून समजत नाही. ते कानांस समजते. इतर सहा दिवस पहाटे सहापासून गल्लीत जी धावपळ सुरू होते, ती त्या दिवशी ऐकू येत नाही. दुचाकी चालू करण्याच्या लाथा नाहीत, डब्यांची झाकणे लावल्याचा खणखणाट नाही, की दाराशी उभे राहून सोबत्यास घातलेली हाक नाही. दूरवर उधना स्थानकाच्या बाजूने एखाद्या गाडीची शिटी तेवढी येते. नोकरीच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकास दोन वर्षे या वस्तीत राहण्याचा योग आला. तेथील रविवार कसा जातो, ते वाचकांस सांगावे असे फार दिवस मनात होते.

परमुलखातील सुटीचा दिवस म्हटला की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे लंडन, दुबई नाही तर कुवेत उभे राहते. आमच्या वसईकडची कित्येक घरे आखातातल्या पगारावर उभी राहिली, तेव्हा तसे वाटणे साहजिकच आहे. परंतु परमुलूख गाठावयास समुद्रच ओलांडावा लागतो असे नाही. सुरत ते जळगाव या लोहमार्गावर नवापूर नावाचे स्थानक आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा त्या स्थानकाच्या मधूनच जाते, आणि फलाटावरील एक बाक असा आहे की अर्धा माणूस एका राज्यात नि अर्धा दुसऱ्या राज्यात बसावा. १ मे १९६० च्या आदल्या दिवसापर्यंत सुरत आणि खानदेश हे एकाच मुंबई राज्याचे भाग होते. एका रात्रीत खानदेशी माणसाची सुरत परराज्यात गेली. तिकडे जाणारी त्याची वाट मात्र होती तिथेच राहिली.

वाट तरी कोणती म्हणावी? एक लोहमार्गाची. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्यातून हा मार्ग झाला, तेव्हापासून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारचा माणूस सकाळी घरची भाकरी बांधून निघाला तर संध्याकाळच्या आत सुरतेस पोहोचतो. दुसरी वाट त्याहून पुष्कळ जुनी, ती खुद्द तापीची. मध्यप्रदेशात मुलताईपाशी उगम पावून ही नदी सारा खानदेश ओलांडते आणि सुरतेस येऊन समुद्रास मिळते. आमच्या शेजारच्या आजीबाई म्हणत असत की पाणी जिकडे गेले तिकडेच माणसेही गेली. पाण्याला कोणी अडवले नाही असे मात्र नाही. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. नेमके तेच वर्ष महाराष्ट्रातील मोठ्या दुष्काळाचे. त्या सुमारापासून आणि पुढे सुरतेतील यंत्रमाग वाढत गेले तसतशी खानदेशातील माणसे इकडे अधिकाधिक येऊ लागली. आज उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या भागांत तुम्ही हिंडा. भाजीवालीशी घासाघीस अहिराणीत चालते, आणि दुकानावरची पाटी तेवढी गुजरातीत असते.

असो. आमच्या शेजाऱ्याच्या रविवाराकडे वळतो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण अशी माणसे त्या गल्लीत घरोघर आहेत. अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातला हा गृहस्थ, वय चाळिशीच्या पुढे, यंत्रमागावर कारीगर. सुरतेत मागांच्या कारखान्यास ‘खाते’ म्हणतात. त्याच्या खात्यात बारा बारा तासांच्या दोन पाळ्या होत्या, सकाळी सातला एक सुटे नि दुसरी लागे. दिवसपाळी आणि रातपाळी आलटून पालटून येत. रातपाळीच्या आठवड्यात त्याची मुले शाळेस निघत तेव्हा तो घरी येई, आणि ती परत येत तेव्हा तो झोपलेला असे. एकाच दहा बाय बाराच्या खोलीत राहून बाप नि लेक सहा दिवस एकमेकांशी बोलत नसत, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पटावयाचे नाही.

म्हणून रविवारी सकाळी तो कामावरून परतला की त्या घरात एक लहानसा झगडा ठरलेला असे. बायकोचे म्हणणे, आधी झोपा. मुलांचे म्हणणे, आधी आमच्याशी बोला. आणि त्याचे स्वतःचे म्हणणे असे की झोप काय, उद्या मागाच्या खडखडाटातही लागते. शेवटी तो तोंड धुऊन ओट्यावर बसे. थोरला मुलगा कोपऱ्यावरून कागदात बांधलेला गरम लोचो घेऊन येई. वर शेव नि तेल. हा सुरतेचा खास पदार्थ. खमण करताना पीठ सैल झाले आणि त्यातून हा निघाला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. मला पाहिले की तो हाक मारी, “या भाऊ, बठा. आज सुटी शे.”

‘आज सुटी शे’ हे तीन शब्द तो असे उच्चारी की जणू ती कोणी बक्षीस दिली आहे. वास्तविक पाहता ती त्याची विकत घेतलेली सुटी होती. मागावरील मजुरी मीटरवर मिळते. जेवढे कापड उतरले तेवढे पैसे, माग थांबला की पैसेही थांबले. मी कापडबाजारात हिशेबनीस; बाजार रविवारी बंद राहिला तरी माझा महिन्याचा पगार तेवढाच. एकाच ओट्यावर बसून एकच लोचो खाणाऱ्या आम्हा दोघांच्या रविवारात एवढा फरक होता, आणि तो माझ्या ध्यानी यावयास सहा महिने लागले याची मला आजही लाज वाटते.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. आपल्या देशातील गिरणी कामगारास रविवारची सुटी मिळाली ती सहजासहजी नाही, आणि ती मिळवून देणारा माणूस मराठी होता. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम चाले नि आठवड्याची ठरलेली अशी सुटी नसे. लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. गोऱ्या साहेबास रविवार हवा तो प्रार्थनेसाठी, हे सर्वांस ठाऊक होते. परंतु आपल्याकडे रविवार हा खंडोबाचाही वार, हे लोखंडे यांनी पुढे मांडले असे सांगतात. हे मी एका रविवारी ओट्यावर सांगितले तेव्हा शेजाऱ्याने विचारले, “मग त्या सुटीचे पैसे मिळत का?” मजजवळ उत्तर नव्हते. आपण इतिहास वाचतो तो तारखांसाठी. ज्याचे पोट त्यावर अवलंबून असते तो नेमका तोच प्रश्न विचारतो जो पुस्तकात राहून गेलेला असतो.

दहाच्या सुमारास तो झोपे. त्या वेळी त्या घरची मुले गल्लीत येऊन बसत आणि गल्लीतली इतर मुलेही आपोआप हळू बोलत. कोणी शिकवलेले नव्हते. ज्या दारावर पडदा सोडला आहे तेथे रातपाळीचा माणूस निजला आहे, हे नवागामातील चार वर्षांच्या पोरासही समजते. आत चुलीवर (म्हणजे गॅसवर, शब्द जुनाच राहिला आहे) वरण-बट्टीची तयारी चाले. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे करून ते आधी वाफवावयाचे, मग कापून तुपातेलात खरपूस तळावयाचे, आणि वर तुरीचे घट्ट वरण नि तूप. सोबत घोटलेली वांगी. हे जेवण घाईच्या दिवसाचे नव्हे. करावयास वेळ, खावयास वेळ आणि खाल्ल्यावर तर फारच वेळ लागतो. डबा घेऊन जाणाऱ्याने बट्टी खाऊ नये, असे त्या माउलीचे ठाम मत होते. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी गुजरातीत म्हण आहे. ती म्हण करणाऱ्याने नवागामातील बट्टी खाल्ली नव्हती हे उघड आहे.

दुपारी तीननंतर शहर बाहेर पडते. सुरतकर रविवारी संध्याकाळी घरी चूल पेटवावयास फारसा राजी नसतो. कोणी चौपाटीकडे, कोणी डुमसच्या समुद्राकडे, तेथील काळ्या वाळूत पाय मळवून टोमॅटोची भजी खावयास. वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसास त्या समुद्राचे कौतुक ते काय! तरी आम्ही दोनदा गेलो. एकदा मात्र शेजाऱ्याच्या थोरल्या मुलास घेऊन मी निराळ्याच जागी गेलो, आणि ती दुपार मला विशेष आठवते.

कतारगाम दरवाजापाशी इंग्रजांचे जुने कबरस्थान आहे. सुरतेत वखार घालण्याची परवानगी इंग्रजांस १६१३ साली मिळाली. त्या वखारीत मेलेली माणसे येथे पुरली आहेत. कबरी कसल्या, लहान लहान राजवाडेच ते! घुमट, कमानी, खांब, सारे इकडच्या मुसलमानी थाटाचे. त्यांत सर्वांत भव्य ऑक्सेंडन बंधूंची. धाकटा भाऊ क्रिस्टोफर १६५९ साली वारला. थोरला जॉर्ज वखारीचा प्रमुख, तो १६६९ साली. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर पहिली स्वारी केली तेव्हा वखार राखून बसलेला तो हाच. त्या स्वारीत कापुचिन पंथाचे फादर अँब्रोज यांच्या मठास महाराजांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. मुलाच्या शाळेच्या पुस्तकात ही स्वारी होती, फादर अँब्रोज नव्हते.

मुलाने थडग्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारले, “हे लोक सुटीत काय करत?”

सुदैवाने याचे उत्तर मला ठाऊक होते. योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेलस्लो नावाचा एक जर्मन तरुण १६३८ साली इराणातून सुरतेस आला आणि काही महिने इंग्रजांच्या वखारीत पाहुणा म्हणून राहिला. त्याने तेथील दिनक्रम लिहून ठेवला आहे. वखारीत रोज प्रार्थना होई, रविवारी अधिक वेळा होई, आणि रविवारचे प्रवचन संपले की मंडळी शहराबाहेरच्या बागेत जात. तेथे निशाणबाजीची पैज लागे. आपणांस त्यात बरी कमाई होई, हे सांगावयास तो विसरला नाही. मग फळे, मुरंबे, आणि हौदात डुंबणे. एकूण आपल्या आजच्या सहलीसारखीच सहल. परंतु त्याने लिहिलेली दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. वखारीचा प्रमुख आणि त्याचे काही आप्त यांच्या बायका इंग्लंडात राहिल्या होत्या. ज्या वारी त्यांनी मायदेश सोडला तो वार शुक्रवार. म्हणून दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर ही मंडळी निराळी जमत आणि दूर राहिलेल्या बायकांच्या नावाने पेला उचलीत. त्या काळी पत्राचे उत्तर यावयास वर्षाहून अधिक काळ जाई. पेला उचलताना ती बाई जिवंत आहे की नाही, हेदेखील नक्की ठाऊक नसे.

“म्हणजे त्यांचा रविवार खाण्याचा आणि शुक्रवार रडण्याचा,” मुलगा म्हणाला. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “आमच्याकडे दोन्ही रविवारीच.”

हे त्याने का म्हटले ते मला ठाऊक होते. रविवारी रात्री आठ वाजता त्यांच्या घरी गावाकडून आजीचा फोन येत असे. ही आजी म्हणजे पाणी नि माणसे यांची गोष्ट सांगणारी तीच. ती वर्षातून एकदा येई, चार दिवस राही आणि परत जाई. कायमचे येथे राहा असा मुलाचा आग्रह. तिचा ठाम नकार. “माले अठेच बरं शे,” एवढेच ती म्हणे. परंतु तिच्याजवळ याहून भक्कम कारण होते, आणि ते ती एकदा मला म्हणाली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाली. तिचा नवरा आणि लहान मुलगा, म्हणजे माझा शेजारी, मध्यरात्री गावी पोहोचले. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले, घरभाडे थकले आणि हाच मुलगा बायकापोरांसह पुन्हा गावी आला. दोन्ही वेळी दार उघडावयास ती तेथे होती. “मी तुमच्यासंगे सुरतला येऊन बसले असते, तर पळून यायला जागा कोणती होती?” या प्रश्नावर त्याने आईला सुरतेस आणण्याचा विषय काही काळ काढला नाही.

त्या वर्षी आषाढात मात्र तो पुन्हा निघाला, आणि निमित्त होते कानबाईचे.

ज्या वाचकांस खानदेशचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कानबाई ही खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती बसवतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यावर नेतात. घरात जपून ठेवलेल्या नारळास डोळे, नथ, दागिने घालून तिचे रूप देतात. नैवेद्य रोटांचा. भाऊबंदातील जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने मुठी मोजून गहू घ्यावयाचे नि दळावयाचे. आमचा धर्म निराळा, श्रद्धा निराळी. परंतु जेथे कुळातील प्रत्येक माणसाच्या नावाची मूठ मोजली जाते, तो सण काय धरून ठेवतो, हे नाताळास आखातातून धावत येणाऱ्या वसईकराला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अडचण अशी की सण रविवार-सोमवारचा. शनिवारी रात्री निघून मंगळवारी कामावर यावयाचे म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी गेली, शिवाय पाच माणसांचे भाडे. आणि पाच भावांपैकी चार भावांची बिऱ्हाडे आता सुरतेतच, दोन नवागामात, एक लिंबायतला, एक पांडेसऱ्यास. गावी राहिलेला एकटा थोरला आणि आई. तेव्हा भावांनी ठरवले की या वर्षी कानबाई नवागामात बसवावी. या वस्तीत ती अनेक घरी बसते, मिरवणुकाही मोठ्या निघतात. त्यात नवीन काहीच नव्हते. नवीन एवढेच की त्यांच्या घराण्याची कानबाई गाव सोडून कधी बाहेर गेली नव्हती. नारळ आईपाशी होता. ती तो घेऊन येणार का, हा प्रश्न होता.

कबरस्थानातून आम्ही परत आलो तेव्हा चारही भाऊ ओट्यावर जमलेले. बोलणे मुलांच्या शाळेवर आले होते. सुरत महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी इतक्या माध्यमांच्या शाळा चालवते, ही गोष्ट त्या शहरास खरोखर भूषणावह आहे. २०२३ च्या कायद्याने गुजरातेतील सर्व शाळांत आठवीपर्यंत गुजराती शिकवणे आवश्यक झाले, तेव्हा मराठी शाळेतल्या मुलासही तेथील भाषा येतेच. तरी धाकटा भाऊ आपल्या मुलीस गुजराती माध्यमात घालणार होता. तो म्हणाला, “जिथे पोट, तिथली भाषा.” थोरला मुलगा, जो मराठी शाळेत आठवीत होता, हळूच म्हणाला, “मग आजीशी फोनवर कोण बोलणार?” काका हसला, पण उत्तर दिले नाही. मला विचाराल तर दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच तो वाद त्या रात्री मिटला नाही.

आठ वाजले. फोन आला. शेजाऱ्याने तो मोठ्या आवाजात ठेवला, म्हणजे सगळ्यांस ऐकू यावे. आधी पावसाचे बोलणे झाले, मग कपाशीचे, मग कोणाच्या तरी गुडघ्याचे. मग त्याने कानबाईची गोष्ट काढली. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन बंद पडला असे वाटून त्याने दोनदा “माय?” म्हणून हाक मारली.

आजीने तीन गोष्टी विचारल्या. पहिली, सोमवारी कुठल्या पाण्यावर नेणार? तो म्हणाला, तापीवर. ती म्हणाली, मग ठीक, पाणी आपलेच आहे. दुसरी, जात्यावर दळणार की गिरणीतून आणणार? सुनांनी एकमेकींकडे पाहिले. शेवटी पांडेसऱ्याच्या सुनेने कबूल केले की तिच्या शेजारणीकडे जाते आहे, ते आणवू. तिसरी गोष्ट तिने मुलाला नव्हे, नातवाला विचारली. तिने त्याला फोनवर बोलावले आणि म्हटले, की माझे परतीचे तिकीट मंगळवारचे काढशील का? तुझा बाप काढणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळी बाप रातपाळीवरून आला तो झोपला नाही. दोघे उधना स्थानकावर गेले. मीही बरोबर होतो. खिडकीपाशी रांग मोठी होती, कारण नवागामातील निम्म्या लोकांस रविवारीच स्थानकावर येणे जमते. मुलाने आधी परतीचे तिकीट मागितले, उधना ते अमळनेर, मंगळवार. मग येण्याचे. बापाने पैसे मोजून दिले आणि दोन्ही तिकिटे मुलाच्या खिशात ठेवून वरून खिसा एकदा दाबला.